टेकावरचं पाणी

शाळेच्या खिडक्यांना पाणी लागलं, तेव्हा तेरगुंडीत उरलेली माणसं चर्चच्या टेकावर आली. बरीचशी घरं आधीच ट्रॅक्टरनं नाहीतर बोटीनं जयसिंगपूरला गेली होती. जनावरांपायी मागं थांबलेले, एवढं काय पाणी येत नाही म्हणून बसून राहिलेले आणि ज्यांना न्यायला कुणी आलंच नाही असे सगळे आता भिजलेली गाठोडी घेऊन चर्चच्या दारासमोर उभे होते. खाली कृष्णा आणि पंचगंगा एक होऊन पसरल्या होत्या. नृसिंहवाडीचा रस्ता कुठला आणि ऊस कुठला, कळत नव्हतं. उसाचे नुसते शेंडे पाण्यावर हलत होते.

दार बंद होतं. किल्ली दाविद आवळेच्या खिशात होती आणि तो चर्चच्या पंचांच्या तोंडाकडं बघत उभा होता.

दाविद चर्चची राखण करायचा, रविवारी घंटा वाजवायचा आणि एरवी उसाच्या लागणीला, भरणीला, तोडीला जायचा. चर्चच्या मागं दोन खोल्या आणि एक गोठा होता. तिथं तो, त्याची बायको सलोमी आणि म्हातारी आई धोंडुबाई राहत. लेक लग्न होऊन मिरजेला गेलेली. चर्चच्या उतरणीला किरिस्तावांची बाकीची घरं होती. गावानं कधीकाळी त्यांना हे खडकाळ टेक दिलं होतं, कारण तिथं काही पिकत नव्हतं. आज सगळ्या गावात तेवढंच कोरडं होतं.

पंचांत एकमत होत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात मंडळीनं, म्हणजे टेकावरच्या किरिस्तावांनी, चर्चभोवती कुंपणाची भिंत घालायला घेतली होती. टेक गायरान आहे, आज भिंत घातली तर उद्या सगळं टेक घशात घालतील, असं म्हणून गावातल्या मोठ्या बागायतदार विजयसिंहानं ते काम बंद पाडलं होतं. नुसतं बंद पाडलं नव्हतं, पोरं घालून पायाचे दगड उचकटून टाकले होते. तोच विजयसिंह आता आई बनाबाईला पाठुंगळी घेऊन दारात उभा होता. त्याच्या मागं बायको पूर्णिमा, डोक्यावर पत्र्याची पेटी. मंडळीतली तरणी पोरं म्हणत होती, यांना देवळाच्या छपरावर बसू दे. प्रभुदास मास्तर वडील पंच. पोरांना शिकवून निवृत्त झालेला माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. ते म्हणाले, दार उघडायचं. दाविदनं उघडलं.

बनाबाई मुलाच्या पाठीवरून उतरली आणि उंबऱ्यात थांबून तिनं विचारलं, चपला काढायच्या का. विजयसिंह चपलांसकट आत गेला.

पहिल्याच दिवशी भांडणं झाली. ओल्या साड्या बाकांवर वाळत पडल्या. प्रभुभोजनाची भाकर ठेवायच्या टेबलावर कुणीतरी दत्ताची तसबीर ठेवली. मंडळीतल्या एका पोरानं ती उचलून खिडकीत ठेवली, त्यावरून धराधरी झाली. मास्तरांनी दोन्हीकडच्यांना हात जोडले. संध्याकाळपर्यंत गावच्या माणसांनी बाक एकावर एक रचून मधे आडोसा केला. मंडळीच्या बायका केरसुणी घेऊन आत गेल्या तर त्यांना सांगण्यात आलं, तुमी तुमच्या घरात ऱ्हावा, हितं बायाबापड्या निजल्यात.

टेकावर प्यायच्या पाण्याचा एकच हापसा होता. एरवी गाव त्याला शिवत नव्हतं. आता त्याच्यापुढं गावच्या कळशा ओळीनं लागल्या आणि मंडळीच्या बायकांना सांगितलं गेलं, आमचं झाल्यावर भरा. सलोमी हंडा घेऊन पावसात उभी राहायची. तिचा नंबर येईस्तोवर धोंडुबाई दारातून दोनदा हाक मारून विचारायची, पाणी मिळालं का गं. पूर चढत चढत हापशाच्या कट्ट्याखाली हातभर अंतरावर आला होता. पाण्याला मातीचा वास यायला लागला. वास सगळ्यांनाच आला. पण दुसरं पाणी नव्हतं.

खतांच्या दुकानवाल्या जयपाल अण्णांचं घर तेवढं उकळून पीत होतं. ते जैन, त्यांच्यात रोजचंच. अण्णांची बायको त्रिशला व्हरांड्याच्या कोपऱ्यात स्टोव्ह मांडून बसलेली. पाणी उकळायचं, पांढऱ्या फडक्यातून गाळायचं, मग भांड्यात. ती सलोमीला म्हणाली, उकळून पी की गं, तुमच्या म्हातारीलाबी उकळून दे. सलोमीकडं रॉकेल नव्हतं आणि सगळी शेणकुटं भिजलेली. ती म्हणाली, बघते. आणि राहून गेलं.

धोंडुबाईलाच पहिल्यांदा लागली. उलट्या आणि हागवण. सकाळी लागली आणि दुपारपर्यंत म्हातारीचे डोळे खोल गेले. त्याच संध्याकाळी चर्चमध्ये दोन पोरांना लागली, मग एका बाईला, मग मोजण्यात अर्थ राहिला नाही. पण पहिली धोंडुबाई, हे सगळ्यांनी धरून ठेवलं. किरिस्तावाच्या म्हातारीपासनं रोग आला. कुणी म्हणालं, हापसा त्यांच्या दारात हाय, पाण्यात काय घातलं कुणाला ठावं. विजयसिंहानं दाराशी उभं राहून सांगितलं की मंडळीतलं कुणी चर्चच्या आत पाऊल टाकायचं नाही. चर्चचे पाळकसाहेब जयसिंगपूरला अडकलेले, मास्तरांनी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, प्रार्थना करा आणि शांत राहा, मी तहसीलला कळवतो. तेवढ्यात फोनची बॅटरी गेली.

मंडळी मास्तरांच्या घरात जमली. प्रार्थना झाली आणि मागोमाग भांडण. पोरं म्हणाली, आपल्याच चर्चमधनं आपल्याला हाकलत्यात, आता आपण त्यांना हाकलायचं. बायकांपैकी एक म्हणाली की आतनं नुसता वास यायलाय, आजारी पोरं ओरडायलीत, काहीतरी करायला पाहिजे. दुसरी म्हणाली, त्यांच्या वहिन्या आहेत की धुवायला. मास्तर ऐकत राहिले. सलोमी तिथं फार वेळ थांबली नाही. तिला म्हातारीचं धुणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडुबाईची हागवण जरा थांबल्यासारखी झाली. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. दाविद गोठ्यातल्या म्हशीसाठी वैरण आणायला गेला होता. पाण्यातल्या उसाचे शेंडे कापून टायरच्या ट्यूबवरून ओढत आणायचे, त्याला अर्धा दिवस लागायचा. जाताना तो सलोमीला म्हणाला होता, आईजवळनं हलू नगंस.

तेवढ्यात मागच्या दाराला पूर्णिमा आली. पदर तोंडाला लावलेला. ती म्हणाली की सासूबाई उठत नाहीत, सगळं अंथरुणातच व्हायलंय, मला एकटीला उचलत नाहीत. "तू यायचीस न्हवं आमच्यात भांगलायला. जरा ये की."

ती विनंती नव्हती, बोलावणं होतं, रानात बोलवावं तसं. सलोमी लग्न होऊन आली तेव्हापासून विजयसिंहाच्या रानात तण काढायला, भांगलायला जात होती आणि बनाबाई तिला ओट्यावर बसवून तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. सलोमीनं सासूकडं बघितलं. धोंडुबाईचा श्वास संथ चालला होता. तिनं उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, त्यावर फुलपात्र ठेवलं, आणि आत्ता येते म्हणून गेली.

ती चर्चमध्ये आली. चर्चची फरशी ती दर शनिवारी ओल्या फडक्यानं पुसायची, त्या फरशीवर पाय ठेवायला जागा नव्हती. ओकाऱ्या, घाण, भिजलेली धडुती. एक बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती आणि पोराची मान लोंबत होती. कुणीच कुणाचं करत नव्हतं. ज्याचं त्याचं माणूस पडलं होतं, आणि ज्याचं पडलं नव्हतं तो भिंतीला टेकून तोंड फिरवून बसला होता.

बनाबाई पलीकडच्या खिडकीखाली होती. सलोमीनं तिचं लुगडं सोडलं, अंग पुसलं, दुसरं गुंडाळलं. म्हातारीचं अंग हाडांना चिकटलेलं, कातडी चिमटीत धरली की तशीच राहत होती. सलोमीनं पाण्याचा पेला तिच्या ओठांशी नेला तर तिनं मान वळवली.

"वरनं वत," बनाबाई म्हणाली.

सलोमीनं वरून ओतलं. पाणी गालावरून, मानेवरून ओघळलं. तोंडात घोटभरच गेलं. दुसऱ्या वेळी म्हातारीनं मान वळवली नाही.

तिथून निघायचं म्हणून सलोमी उठली आणि त्या लोंबत्या मानेच्या पोराच्या आईनं तिचा पदर धरला. मग ती निघाली नाही. नाताळच्या जेवणाची तांब्याची मोठी डेग चर्चच्या आतल्या कोठीत होती. ती पाणी उकळायला तिनं आणि शेजारच्या मार्थानं मिळून चर्चच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडखाली ओढत आणली. जळणाला काही नव्हतं तेव्हा सलोमीनं चर्चचा एक मोडका बाक कुऱ्हाडीनं फोडला. त्रिशलानं आपल्या साठ्यातली साखर काढून दिली आणि किती साखरेला किती मीठ ते सांगितलं. हे करता येतं हे बघून मंडळीतल्या आणखी बायका आल्या. कुणी फरशी धुवायला लागली, कुणी धडुती. पोरांनी आधी शिव्या दिल्या आणि मग राखेच्या पाट्या आणून टाकल्या. विजयसिंहानं आदल्या दिवसाचा हुकूम मागं घेतला नाही, पण कुणाला अडवलंही नाही. तो पायऱ्यांवर बसून बोटीची वाट बघत होता.

सलोमीच्या डोक्यात सासू होती. दोनदा ती शेडमधून खोलीकडं निघाली आणि दोनदा कुणीतरी हाक मारली. मार्थाला तिनं सांगितलं, जरा बघून ये; मार्थाच्या हातात तेव्हा एक ओकणारं पोर होतं. मार्था व्हय म्हणाली आणि विसरली.

ती घरी आली तेव्हा दुपार कलली होती. दाविद उंबऱ्यात बसला होता. उसाच्या शेंड्यांचा भारा तसाच ओला, त्याच्या पायाशी. आत धोंडुबाई अर्धी अंथरुणावर, अर्धी जमिनीवर पडली होती. तांब्या कलंडलेला. फुलपात्र लांब जाऊन पडलं होतं आणि म्हातारीचा हात त्या दिशेनं सरळ लांब झालेला.

सलोमी खाली बसली. तिनं तो हात उचलून छातीवर ठेवला तर तो परत घसरला.

"तू त्यांची हागणी काढीत बसलीस," दाविद म्हणाला. "हिला घोटभर पाणी द्यायला कोण नव्हतं."

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

मंडळीची दफनभूमी ओढ्याकाठी, तिच्यावर पुरुषभर पाणी होतं. बोट आली, पण जवानांनी सांगितलं की आधी पोरं, मग बाकी आजारी, मढं शेवटी. सात-आठ पोरं आणि त्यांच्या आया घेऊन बोट गेली. विजयसिंहानं आईला न्या म्हणून आरडाओरडा केला, पण तिला उद्याच्या फेरीत घेऊ म्हणाले. उद्या बोट येईल की नाही कुणाला सांगता येत नव्हतं. ओल्या हवेत मढं ठेवणं शक्य नव्हतं. मास्तर दाविदला म्हणाले, टेकावरच पुरू या, तात्पुरतं. दाविदनं गोठ्याच्या मागची जागा धरली, हापशापासून सगळ्यात लांबची, जिथून उतार पलीकडं जातो. पहार घेतली आणि मुरूम फोडायला लागला.

पावसात लोखंडाचा आवाज सगळ्या टेकावर गेला. विजयसिंह आणि त्याची पोरं आली.

त्यानं विचारलं, काय चाललंय. दाविद थांबला नाही. विजयसिंह म्हणाला, टेक गावाचं आहे, इथं पुरायचं नाही. आणि रोगाचं मढं पिण्याच्या पाण्याजवळ पुरून गाव मारायचा विचार आहे काय. दाविद म्हणाला की पाणी त्या अंगाला आहे, उतार या अंगाला आहे. "माझ्या आईला मी कुटं न्हिऊ, तुमीच सांगा."

"पाण्यात सोड," मागून एक पोरगा म्हणाला.

दाविदनं पहार उचलली ती मातीसाठी की त्या पोरासाठी, ते त्यालाच माहीत. तिघांनी त्याला धरलं. विजयसिंहानं त्याच्या हातातली पहार हिसकली आणि लांब पुरात भिरकावली. मंडळीतली पोरं काठ्या घेऊन धावली. मास्तर मधे शिरले, हात जोडून म्हणत राहिले, उद्या बोट येईल, उद्या बघू, आज नको. दाविद गुडघ्यांवर पडला होता, कॉलर दुसऱ्याच्या मुठीत, तरी हातांनी मुरूम उकरत होता. बोटांतून रक्त यायला लागलं होतं.

सलोमी शेडमधून हे बघत होती. तिच्या हातात पळी होती आणि तिच्यापुढं भांडी घेऊन माणसं उभी होती. तिनं पळी डेगीत टाकली. डेगीवर झाकण घातलं. चुलीतली जळती लाकडं ओढून बाहेर पावसात टाकली. मग झाकणावर पोतं टाकून त्याच्यावर हात टेकून उभी राहिली.

"खड्डा हुईपतर हितलं पाणी कुणाला मिळायचं न्हाय."

ती हे ओरडून बोलली नाही. ओळीतल्या माणसांना आधी कळलंच नाही. एक बाई पेला पुढं करून तशीच उभी राहिली. मग तिला कळलं आणि ती रडायला लागली. तिचा नवरा आत पडला होता. मार्था म्हणाली, मावशी, असं करू नगा, आत पोरं हायती. सलोमी म्हणाली, पोरं बोटीतनं गेली. सगळी गेली नव्हती, हे तिला माहीत होतं.

मास्तर भिजत आले. ते म्हणाले, सलोमी, तहानलेल्याला पाणी नाकारायचं नसतं, तुला मी सांगायला पाहिजे काय. तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही. ते म्हणाले, हे पाप आहे. ती म्हणाली, असंल.

आतून आवाज येत होते. त्यात एक बनाबाईचा होता. नुसतं पाणी, पाणी, आणि मध्येच सलोमे. आजवर तिनं सलोमीला नावानं हाक मारली नव्हती, किरिस्तावाची म्हणायची. सलोमीच्या हातांना पोत्याखालच्या झाकणाचा चटका बसत होता. तिनं हात काढले नाहीत.

पूर्णिमा पेला घेऊन बाहेर आली. ती सलोमीसमोर उभी राहिली. पूर्णिमानं आधी पेला पुढं केला, मग खाली घेतला.

"तुमच्या मालकास्नी सांगा," सलोमी म्हणाली.

पूर्णिमा पावसातून गोठ्यामागं गेली. ती विजयसिंहाला काय म्हणाली ते कुणी ऐकलं नाही. एवढंच दिसलं की तिनं त्याची बाही धरली, त्यानं झटकली, तिनं परत धरली. मग त्यानं पोरांना दाविदला सोडायला सांगितलं. जाताना तो शेडजवळ थांबला आणि सलोमीला म्हणाला की हे मी ध्यानात ठेवीन.

पहार गेलेली, म्हणून टिकावानं खणायला लागलं. मुरूम कठीण, वरून पाऊस, खड्ड्यात पाणी साठायचं, ते घमेल्यानं उपसायचं. मंडळीची पोरं आळीपाळीनं उतरली. शेडमध्ये सलोमी उभी आणि भांडी घेतलेली माणसं समोर बसलेली. धोंडुबाईला ताडपत्रीत गुंडाळून खाली ठेवलं, मास्तरांनी प्रार्थना केली, पहिली माती पडली, तेव्हा सलोमीनं झाकण काढलं. सासूच्या मातीला ती गेली नाही. पहिला पेला तिनं भरून आत बनाबाईकडं नेला. पाणी कोमट होतं. बनाबाईनं पेल्याला तोंड लावलं, अर्धा प्याली आणि सगळं ओकली. सलोमीनं पुन्हा पाजलं. पुन्हा ओकली.

दुसऱ्या दिवशी बोट आली आणि बनाबाईला घेऊन गेली. जयसिंगपूरच्या दवाखान्यात सलाईन लावलं. ती त्याच संध्याकाळी वारली.

पाणी उतरायला पंधरवडा लागला. गाव खाली गेलं, घरांतला चिखल काढला, मेलेली जनावरं ओढून टाकली. सरकारी माणसं आली, हापशात औषध टाकलं, बाटल्यांत पाणी भरून नेलं आणि पाणी पिऊ नये म्हणून हापशाला लाल रंग लावला. पाण्यात काही घातलं होतं ही गोष्ट त्यानंतर कुणी बोललं नाही. दुसरी गोष्ट मात्र सगळे बोलायला लागले. विजयसिंह चावडीसमोर म्हणाला की माझ्या आईला पाणी तोडून मारली. ऐकणाऱ्यांत टेकावर उभे असलेले, सलोमीच्या हातचं पाणी प्यालेले लोकही होते. ते गप्प राहिले.

मग काम बंद झालं. मंडळीतल्या कुणालाच कुजका ऊस काढायला, बांध घालायला बोलावणं येईना. दूध संस्थेत म्हशीचं दूध नेलं तर मापाडी म्हणाला, किरिस्तावांचं दूध तूर्त थांबवलंय. दाविद जयपाल अण्णांकडं गेला. अण्णा म्हणाले, जरा दम काढ, मला गावात ऱ्हायचंय. आत त्रिशला होती. ती बाहेर आली नाही.

उतरणीवरच्या घरांतला राग आता सलोमीकडं वळला. बायका तिला हापशाच्या लाल खांबाजवळ गाठून ऐकवायच्या. आमी त्यांची घाण धुतली, नाव तुझं निघालं. एकीच्या हट्टापायी सगळ्यांच्या पोटावर पाय. मार्था तिच्या घराकडं फिरकेना. घरात दाविद ताटात वाढलेलं जेवायचा, ताट सारायचा आणि उठायचा. बोटांच्या जखमांना तिनं हळद लावायला घेतली तर हात काढून घेतला.

प्रभुदास मास्तर विजयसिंहाकडं जाऊन आले. बरेच दिवस जात होते. शेवटी ठरलं ते त्यांनी सलोमीला घरी येऊन सांगितलं. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, पाळकसाहेब येणार आहेत. सलोमीनं भाकर घेण्याआधी सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागायची. विजयसिंह ऐकायला येईल. त्यानं ऐकलं की गाव कामाला बोलवील. मास्तर म्हणाले, दोन शब्दांचं काम आहे, आणि तुलाही त्यातनं मोकळं वाटेल. तिनं विचारलं, आनि माफी न्हाय मागितली तर? ते म्हणाले, मग तुला भोजनाला बसता येणार नाही. हे त्यांनी जड मनानं सांगितलं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

दाविद दारात दावं वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. फरशी फिनेलनं धुतलेली, तरी भिंतींना हातभर उंचीपर्यंत ओल चढून पोपडे आले होते. विजयसिंह शेवटच्या बाकाजवळ उभा राहिला, बसला नाही. त्याचं डोकं तासलेलं होतं, केस अजून नीट आले नव्हते. गीत झालं, उपदेश झाला. टेबलावरचं पांढरं फडकं बाजूला करण्याआधी पाळकांनी सलोमीचं नाव घेतलं.

ती उभी राहिली. बायकांच्या बाजूनं कुणीतरी हळूच म्हणालं, संपीव एकदाचं.

"बनाबाई आक्कासाब पाणी मागत हुत्या," ती म्हणाली. "मला ऐकायला येत हुतं. मी दिलं न्हाय. खरं हाय."

तिनं मागं वळून विजयसिंहाकडं बघितलं.

"माझी सासू मेली तवा तिलाबी कुणी पाणी दिलं न्हाय. मीबी दिलं न्हाय, मी तुमच्या आईचं धुवीत हुतो. तेबी खरं हाय. दोन्हीची माफी मला देवाकडं मागायची हाय, ती मी मागतो रोज. पर तुमच्याकडं कशाची मागू? तुमी पहार टाकली न्हसती तर मी झाकण घातलं न्हसतं. परत तसंच झालं तर परत घालीन."

विजयसिंहाला काहीतरी मोठं बोलायचं असावं, पण तो मास्तरांकडं वळून एवढंच म्हणाला, ही माफी न्हवं मास्तर, आणि निघून गेला. त्याच्यामागं चर्चमध्ये एकदम कुजबुज उठली आणि ती सगळी सलोमीवर होती. मार्थाच्या नवऱ्यानं उठून पंचांना विचारलं, आता आमी खायाचं काय. पाळकांनी हात वर करून शांत केलं. मग ते सलोमीला हलक्या आवाजात म्हणाले, बाई, आज तुम्ही बाहेर थांबा.

सलोमीनं पदर डोक्यावरून सारखा केला आणि मधल्या वाटेनं चालत गेली. दोन्हीकडच्या बाकांवरची माणसं समोर बघत होती.

ती दारापर्यंत पोचली तेव्हा पुरुषांच्या बाजूचा एक बाक करकरला. दाविद उभा राहिला होता. मास्तर म्हणाले, दाविद, बस, तुला कुणी काही म्हणालेलं नाही. दाविदनं ऐकलं असावं. तो बाकातून बाहेर आला, चपला हातात घेतल्या आणि दारातून बाहेर पडला.

बाहेर ऊन होतं. पूर आल्यापासून पहिल्यांदाच असं कडक. सलोमी गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. दाविद तिच्याजवळून पुढं गेला, गोठ्याच्या मागं, आणि थोडा वेळ तिथंच खाली बघत राहिला. आत पुन्हा गीत सुरू झालं. मोडक्या पेटीचा सूर आणि त्यावर मार्थाचा उंच आवाज.

"आईच्या अंगावरची माती बसलीया," दाविद म्हणाला. "भर घालाय पायजे."

सलोमीनं पदर खोचला, गोठ्यातून घमेलं आणि खोरं आणलं. कुंपणाच्या पायाच्या उचकटलेल्या दगडांपाशी कोरडा मुरूम होता, तो तिनं ओढायला घेतला. दाविदनं पहिलं घमेलं नेऊन ओतलं, पायानं दाबलं आणि रिकामं घमेलं तिच्यापुढं आणून ठेवलं.